चार पूर्णांक दोन

अठ्ठेचाळीस फॉर्म आलेत, मुलं एकोणपन्नास.
विभागप्रमुख म्हणाले, सोमवारी अहवाल द्या,
दोन पानं पुरेत, आलेख असला तर बरं दिसेल.
मी तासिका तत्त्वावरची. मे महिन्यात तासिका नसतात,
म्हणून हा गठ्ठा माझ्या टेबलावर.

सकाळी ओतलेलं पाणी कूलर अकरालाच पिऊन टाकतो.
बाहेर चव्वेचाळीस. पुणे रस्त्याच्या माळावर
कमानीची सावलीसुद्धा
कमानीच्या पायाशी अंग चोरून बसलीय.

तीन आठवड्यांत उद्योग आणि अभियांत्रिकी,
वय चौदा ते सतरा, फी साडेआठ हजार,
माफीच्या जागा बारा.
प्रश्न नऊ. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम.
मुलं फार दयाळू असतात हो,
तिथल्या आमटीलाही चार देतात.

श्रीशैल म्हमाणेनं वरपासून खालपर्यंत
एकाच रेघेत नऊ पंचे ओढलेत. त्याला बस गाठायची असणार.
तरन्नुम मोमीन लिहिते: पाहुणे सर छान बोलतात,
पण मराठीत विचारलेलं चालतं
हे आम्हाला चौथ्या दिवशी कळलं.

आणि ही भाग्यलक्ष्मी चिलवेरी. माफीची जागा.
सर्वांत उपयुक्त काय वाटले?
खाली दोनच ओळी होत्या,
ती कागद उलटून मागच्या बाजूला गेलीय:

आमच्या गटाने टॉवेलची कंपनी काढली.
सूत, रंग, वीज, टेम्पो, सगळं धरलं.
नफा अठरा टक्के निघाला, टाळ्या पडल्या.
घरी आईला वही दाखवली.
ती म्हणाली, कांड्या कोण भरणार?
तो रकाना आम्ही ठेवलाच नव्हता.
आईची मजुरी धरली तर उरतात दोन टक्के.
सरांना सांगितलं. सर म्हणाले, घरचं माणूस धरत नसतात.
मी विचारलं, का?
तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

या प्रश्नाला तिनं पाच दिलेत.
मी पाच भरले. मग पेन ठेवून बसले.

अशोक चौकामागच्या बोळात वाढले मी.
नाना जॉबर होते. माग बिघडला की
आधी डोळे मिटायचे, मग पाना मागायचे.
कुठला दात झिजलाय ते त्यांना ऐकू यायचं.
माझ्या पदवीच्या चार वर्षांत
डोळे मिटायला कुणी शिकवलं नाही,
आणि मीही कुणाला शिकवत नाही.

एकोणपन्नासावा नरसिंग वडनाल.
सोळाव्या दिवसानंतर गैरहजर.
फोन लावला. पलीकडून आधी खडखडाट आला,
त्याच्या मागून पोरगा:
मॅडम, तो सेन्सर बसवला! ताणा तुटला की माग थांबतोय!
पण दोनदा उगाचच थांबला, पप्पा चिडले,
काढून फेकला. ते झोपले की परत बसवतो.

मी ओरडून विचारलं, शिबिराला किती देशील? पाचपैकी?
कशाला?
शिबिराला रे!
खट खट खट खट.
मग जरा घाबरून:
मॅडम, त्यातली वायर तुमच्याकडची आहे.
आणून देऊ का परत?

अहवाल झाला. सरासरी चार पूर्णांक दोन.
आलेख निळा ठेवलाय, छपाईत नीट येतो.
भाग्यलक्ष्मीचं मागचं पान
झेरॉक्स काढून टाचलंय, कुणी उलटलं तर उलटलं.

शेवटी ‘इतर शेरा’ म्हणून एक चौकट असते,
ती दरवर्षी कोरी जाते.
तिथे लिहिलं:
दीड मीटर वायर जमा नाही.
मागू नये.